चटणीवाल्या काकूंनी फेसबुक सोडलं, त्या सगळ्या प्रकरणाची फोड

प्रकरण कुणाचं ते सांगत नाही. विषयच प्रायव्हसीचा आहे, त्यात मीच नावं छापत बसलो तर काय अर्थ. काकूंना विचारून लिहितोय, त्यांनी वाचून दोन ठिकाणी खाडाखोड करायला लावली ती पण केली, पेठ बदललीय, नातेवाईकांची गावं बदलली आहेत. कोल्हापूर आणि चटणी मात्र तशीच ठेवलीय, ती बदलली तर प्रकरणच कळणार नाही.

काकू पन्नाशी ओलांडलेल्या, काका शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, पोरगी कॉलेजला. काकू कांदा-लसूण चटणी करून विकतात. फेब्रुवारी संपला की मिरच्या आणायच्या, देठं काढायची, वाळवायच्या, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी-जवारी, मग खोबरं, तीळ, धणे, गरम मसाला भाजायचा, डंकावर, म्हणजे मिरच्या कुटायच्या गिरणीवर, नंबर लावायचा आणि मे संपेपर्यंत घरात सगळ्यांच्या नाकाडोळ्यांतनं पाणी. सुरवातीला गल्लीतल्या बायका घ्यायच्या, मग त्यांच्या पुण्या-मुंबईला दिलेल्या लेकी, आणि मग भाच्यानं फेसबुकवर पेज काढून दिलं. काकूंचं स्वतःचं खातं २०१२ चं, पेज त्याच्या नंतरचं. सीझनच्या निम्म्या तरी ऑर्डरी पेजवरनं यायच्या असं काकू सांगतात. हे आधीच सांगून ठेवतोय कारण "सोडून द्या की फेसबुक, काय अडलंय" म्हणणारे जे असतात त्यांची चटणी तिथं विकली जात नसते.

एप्रिलमध्ये, ऐन गडबडीत, इचलकरंजीच्या भावजयीचा फोन आला, "वन्सं, तुमी पैसे मागाय लागलाय व्हय?" काकूंच्याच नावाचं, काकूंचाच रंकाळ्यावरचा फोटो लावलेलं एक खातं तिला रिक्वेस्ट पाठवून हिंदीत लिहीत होतं, हाय डियर, अर्जंट है, पाच हजार भेज दो, कल दे दूंगी. भावजय हुशार, तिनं लगेच ओळखलं, कारण काकूंनी जन्मात तिला हाय डियर म्हटलेलं नाही. पण पुण्यातल्या एका गिऱ्हाईक बाईंना तेच खातं "चटणीचा ॲडव्हान्स पाठवा, स्टॉक संपत आलाय" म्हणालं, क्यूआर कोड पाठवला, आणि त्यांनी तीन हजार पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव तिसऱ्याच माणसाचं दिसत होतं, त्यांना वाटलं काकूंच्या घरचं कुणीतरी असेल.

काकू दुसऱ्या दिवशी माझ्याकडं. माझं राजारामपुरीत कॉम्प्युटर-मोबाईल रिपेअरचं दुकान आहे, स्क्रीन फुटली, पाणी गेलं, विंडोज मारायचं असली कामं, पण गेल्या काही वर्षांत "माझं फेसबुक हॅक झालंय" म्हणत येणारे रोज कुणीतरी असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं हॅक झालेलंच नसतं. काकू आल्या आणि मोबाईल काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "हे बघ बाळ, मला नको झालंय हे. आत्ताच्या आत्ता काढून टाक सगळं."

मी काढलं नाही. काढलं असतं तर घोळ झाला असता.

कारण काकूंचं खातं हॅक झालंच नव्हतं. पासवर्डला कुणी हात लावला नव्हता, लॉगिनच्या यादीत त्यांचाच फोन आणि पोरीचा लॅपटॉप, बाकी काही नाही. चोरानं फक्त बाहेरनं दिसणारा फोटो उचलला, नाव टाइप केलं, आणि काकूंची फ्रेंडलिस्ट कुणालाही दिसत होती ती उघडून एकेकाला रिक्वेस्ट पाठवली. पेजवर घरचा पत्ता आणि नंबर पण होताच. याला कसलं हॅकिंग लागत नाही, मोकळा वेळ असलेलं कुणीही करू शकतं. आता अशा वेळी खरं खातं आधी उडवलं तर काय होतं, नकली खातं तसंच राहतं आणि त्या नावाचं तेवढं एकच खातं साइटवर उरतं. शिवाय असल्या चोरांची एक ठरलेली युक्ती असते, ते ज्याची नक्कल करतात त्यालाच ब्लॉक करून ठेवतात. काकूंनी सर्च केलं की त्यांना ते खातं दिसायचंच नाही. म्हणून रिपोर्ट भावजयीच्या फोनवरनं करायला लागला, नकली प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत जाऊन, हा माझ्या ओळखीच्या माणसाची नक्कल करतोय, आणि मग ती ओळखीची व्यक्ती कोण हे दाखवायला काकूंचं खरं खातं निवडायचं. म्हणजे खरं खातं जिवंत पाहिजे. भावजयीनं, पोरीनं, बचत गटातल्या चार-पाच जणींनी रिपोर्ट केला आणि ते खातं गेलं.

पुण्याच्या बाईंना १९३० वर फोन करायला सांगितला. तो केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, पैसे पुढच्या खात्यातनं काढायच्या आत कळवलं तर बँकेला ती रक्कम अडवून ठेवता येते, म्हणून तिथं मिनिटांचा हिशेब असतो. बाईंनी लाजून एक दिवस कुणाला सांगितलंच नव्हतं. लाज कसली त्यात, पण असं होतं खरं. तक्रार घेतली गेली, आयटी कायद्याचं कलम ६६डी याच्यासाठीच आहे, दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटरवरनं फसवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. काकूंनी त्या बाईंना तीन हजारांची चटणी तशीच पाठवून दिली. मी म्हटलं तुमचा काय संबंध, तर म्हणाल्या नाव माझं होतं ना.

इथपर्यंत प्रकरण रोजच्यासारखंच. अशा वेळी मी लोकांना सांगतो की फ्रेंडलिस्ट "ओन्ली मी" करा, प्रोफाइल लॉक करा, नंबर काढा आणि राहा निवांत. प्रोफाइल लॉक करायची सोय फेसबुकनं २०२० मध्ये भारतात आणली, बायकांना डोळ्यासमोर ठेवूनच आणली होती, आणि ती चांगली आहे. अजूनही बहुतेकांना मी हेच सांगतो. काकूंना पण तेच सांगितलं, दहा मिनिटांचं काम आहे म्हटलं. त्या हो म्हणाल्या सुद्धा. पण जाताना म्हणाल्या, "आणि हा फोन माझं बोलणं ऐकतोय त्याचं काय?"

ही तक्रार पण रोजची. काकूंचे गुडघे दुखतात, मिरच्या निवडताना मांडी घालून बसायला लागतं त्यामुळं असेल, आणि शेजारणीशी गुडघ्याबद्दल बोलल्या की फेसबुकवर गुडघ्याचे पट्टे, तेलं, गोळ्या सगळं यायला लागायचं. त्यांना खात्रीच होती की माइक चालू असतो. म्हटलं थांबा, एक दाखवतो. फेसबुकच्या सेटिंगमध्ये एक जागा आहे जिथं दुसऱ्या वेबसाइटी आणि ॲप तुमच्याबद्दल फेसबुकला काय काय कळवतात त्याची यादी बघायला मिळते. आधी त्याला ऑफ-फेसबुक ॲक्टिव्हिटी म्हणायचे, २०१९ मध्ये काही देशांत सुरू केलं आणि २०२० च्या जानेवारीत सगळीकडं. दुकानांच्या साइटींवर फेसबुकचा एक छोटासा कोड बसवलेला असतो, त्याला पिक्सेल म्हणतात, तुम्ही ती साइट उघडली, काय बघितलं, काय पिशवीत टाकलं, हे तो तिकडं कळवतो, तुम्ही त्या वेळी फेसबुक उघडलेलं असो नसो. ॲपांमध्ये पण तसलीच सोय असते. काकूंच्या यादीत औषधं मागवायचं एक ॲप निघालं, त्याच्यावर त्यांनी गुडघ्याची गोळी शोधलेली. साड्यांची दोन दुकानं, पोरीनं फोनवर टाकलेला एक गेम, एक कर्ज देणारं ॲप जे काकांनी बघून लगेच काढून टाकलं होतं. शेजारणीशी बोलणं आणि गोळी शोधणं हे एकाच आठवड्यातलं, म्हणून वाटतं की कुणीतरी ऐकलं. ऐकायची गरजच नाही.

काकू गप्प होऊन ती यादी बघत बसल्या. मग म्हणाल्या अजून काय काय आहे त्यांच्याकडं.

आता हे विचारणारं गिऱ्हाईक मला क्वचित भेटतं. म्हटलं मागवून घेऊया. फेसबुककडनं आपली सगळी माहिती डाउनलोड करून घेता येते, मागितली की थोड्या वेळानं फाइल तयार होते, एचटीएमएलमध्ये घ्यायची म्हणजे साध्या ब्राउझरमध्ये उघडून वाचता येते, जेसन घेतलं तर तुम्हाला आणि मला काही उपयोग नाही. काकूंची फाइल भली मोठी, दुकान बंद झाल्यावर आम्ही तिघं, पोरगी पण आलेली, लॅपटॉपसमोर बसलो.

पोस्टी आणि फोटो असणार हे माहीत होतं. कुठल्या दिवशी कुठल्या आयपीवरनं, म्हणजे इंटरनेटच्या कुठल्या पत्त्यावरनं, लॉगिन केलं ते होतं. काय सर्च केलं ते होतं, त्यात पोरीसाठी आलेल्या एका स्थळाच्या घरच्यांना काकूंनी शोधलेलं ते पण आलं, पोरगी हसून हसून लाल झाली. मेसेंजरमध्ये काकूंनी कधीतरी एका लोनच्या एजंटाला पॅनकार्डचा आणि लाइटबिलाचा फोटो पाठवला होता तो होता. जुन्या पोस्टींत "आम्ही सगळे चाललो गणपतीपुळ्याला, तीन दिवस" असं घराला कुलूप असतानाच टाकलेलं होतं. आणि २०१९ च्या महापुरातली एक पोस्ट होती, पंचगंगेचं पाणी वर आलेलं, अर्ध्या गावात लाइट नाही, काकू आणि गल्लीतल्या बायका मिळून भाकरी करून पाठवत होत्या, "जेवण पाहिजे असेल तर या नंबरवर फोन करा" आणि खाली काकूंचा नंबर, सगळ्यांना दिसेल अशी पोस्ट. शेकडो लोकांनी ती पुढं पाठवली होती. त्या वेळी हे करायलाच पाहिजे होतं, त्या आठवड्यात कोल्हापुरात कितीतरी लोकांना मदत अशीच पोचली, कुठल्या गल्लीत कोण अडकलंय हे फेसबुक-व्हॉट्सॲपवरनं कळत होतं. पण पाणी उतरलं, पोस्ट तशीच राहिली.

आणि मग कॉन्टॅक्टचं पान उघडलं.

कधीतरी फोनवर ॲप टाकताना, मित्र शोधायला तुमचे कॉन्टॅक्ट घेऊ का असं विचारलं असणार आणि काकूंनी हो दाबलं असणार, कुणीही दाबतं. काकूंच्या फोनमधली सगळी नावं-नंबर त्या फाइलमध्ये. जशी सेव्ह केलेली तशी. गॅसवाला, डंकवाला, रिक्षावाले मामा, बाईंचा दवाखाना, पोरीच्या मैत्रिणींच्या आया, बचत गटातल्या सगळ्या बायका, त्यातल्या कित्येकींकडं साधा फोन, फेसबुक काय असतं ते माहीत नाही. एकीचं नाव काकूंनी "शांत राहायचं हिच्याशी" असं सेव्ह केलेलं होतं, ते पण तसंच गेलेलं. यावर आम्ही हसलो. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझं गेलं ते गेलं. त्या बायकांनी कुठं हो म्हटलंतं?"

प्रकरण फिरलं ते इथं. आपण प्रायव्हसी म्हटलं की माझे फोटो, माझा नंबर, माझे पैसे एवढंच धरतो. आणि मग सेटिंग लावली की झालं. काकूंचा प्रश्न सेटिंगनं सुटणारा नव्हता. मला त्यावर २०१८ चं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण आठवलं, निवडणुकीच्या प्रचाराची कामं करणाऱ्या या कंपनीकडं फेसबुकवरच्या लोकांची माहिती गेली होती, आणि ते मी त्यांना सांगितलं. एका संशोधकानं फेसबुकवर व्यक्तिमत्त्व चाचणीचं एक ॲप काढलेलं, जगभरात पावणेतीन लाखांच्या आसपास लोकांनी ते टाकलं, पण त्या काळात ॲपला तुमच्याबरोबर तुमच्या मित्रांची पण माहिती घेता यायची, म्हणून फेसबुकच्याच हिशेबानं माहिती गेली ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची. भारतापुरतं बघायचं तर ॲप टाकणारे ३३५ आणि माहिती गेली असण्याची शक्यता होती ते ५ लाख ६२ हजार. बाकीच्या सगळ्यांनी काहीही दाबलेलं नव्हतं, त्यांचा कुणीतरी मित्र काहीतरी दाबून बसलेला होता. पुढं २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये १०६ देशांतल्या ५३ कोटींहून जास्त खात्यांची माहिती, त्यात फोन नंबर, इंटरनेटवर फुकट पडलेली सापडली. कंपनीचं म्हणणं की ते हॅकिंग नव्हे, २०१९ च्या सप्टेंबरच्या आधी लोकांनी कॉन्टॅक्टवरनं मित्र शोधायच्या सोयीचाच वापर करून ती माहिती गोळा केली, नंतर ती वाट बंद केलीय. म्हणजे काकू ज्या पानावर येऊन थांबल्या ती सोय तीच.

काकूंनी ठरवलं, सोडायचं. मी लॉक करून राहा म्हणत होतो, काका म्हणत होते कधीचं सांगतोय, पोरगी म्हणत होती पेज गेलं तर पुढच्या वर्षी डंकाचे पैसे कुठनं द्यायचे. तिघांचंही बरोबर होतं म्हणून दोन आठवडे काहीच झालं नाही. मग काकूंनी सीझन संपू दे म्हटलं, आणि हा या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता असं मला वाटतं. रागाच्या भरात खातं उडवणारे लोक आठवड्यात परत येतात, कारण त्यांचं काहीतरी आत राहिलेलं असतं.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर आम्ही कामाला लागलो. पहिल्यांदा कॉन्टॅक्ट. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन फेसबुक आणि मेसेंजर दोघांची कॉन्टॅक्टची परवानगी काढली, ॲपमधलं कॉन्टॅक्ट अपलोड बंद केलं, आणि वर गेलेले कॉन्टॅक्ट डिलीट करायचं वेगळं पान असतं तिथनं डिलीट केले. मेसेंजरचं पान वेगळं आहे, ते लोक विसरतात. परवानगी आधी काढायला पाहिजे, नाहीतर इकडनं डिलीट करायचं आणि तिकडनं फोन परत वर चढवणार.

मग लॉगिन. काकूंनी आणि पोरीनं मिळून बऱ्याच ठिकाणी "फेसबुकनं लॉगिन करा" दाबलेलं होतं, फेसबुक गेलं की ती दारं बंद. सेटिंगमध्ये ॲप आणि वेबसाइटींची यादी बघून एकेका ठिकाणी ईमेल-पासवर्ड लावून घेतला. एका शॉपिंगच्या ॲपमध्ये ईमेल लावायची सोय सापडेना, तिथल्या जुन्या ऑर्डरींवर पाणी सोडलं.

मग पेज, आणि इथं खरा वेळ गेला. पेजचा ॲडमिन तुम्ही एकटेच असाल आणि खातं डिलीट केलं तर पेज पण जातं. दुसऱ्या कुणाला पूर्ण कंट्रोल दिला तर राहतं. साहजिक उत्तर म्हणजे पोरीला द्यायचं, पण काकू अडल्या, मी ज्याच्यातनं निघालोय त्यात हिला कशाला बसवू. पोरगी म्हणाली मी इन्स्टावर आहेच की, ती पण त्यांचीच कंपनी, २०१२ पासनं. यावर मायलेकींचं जे काय झालं ते मी लिहीत नाही. शेवटी पेज ठेवायचं नाही असंच ठरलं. पेजवर महिनाभर वरती पोस्ट लावून ठेवली, ऑर्डरसाठी फोन करा, आणि इनबॉक्समध्ये ज्यांनी कधी ना कधी चटणी घेतलेली त्या सगळ्यांची नावं, गाव, किती किलो, तिखट की मध्यम, हे पोरीनं वहीत उतरवून काढलं. होय, वहीत. काकू म्हणाल्या एक्सेल नको, मला बघता आलं पाहिजे.

नंबर बदलायचा का हा प्रश्न आला होता. महापुराच्या पोस्टीतला नंबर लोकांनी कॉपी करून कुठं कुठं टाकलेला, काकूंनी आपली पोस्ट काढली तर शेअर केलेल्या जातात, पण मजकूर उचलून स्वतःच्या नावानं टाकलेला राहतोच. आणि त्याच नंबरवर वीस वर्षांची गिऱ्हाइकं. नंबर ठेवला, घरचा पत्ता मात्र सगळीकडनं काढला, आता चटणी न्यायला येणाऱ्याला फोनवर सांगतात.

कायद्याचं पण बघितलं, काका म्हणाले आता कायदा झालाय ना. झालाय. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आला, आणि त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्यातही कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत. लागू झाल्यावर संमती देणं जितकं सोपं असतं तितकंच ती मागं घेणं सोपं ठेवायला लागणार, माहिती पुसून मागायचा हक्क मिळणार, मोठ्या चुकीला २५० कोटींपर्यंत दंड. चांगलं आहे. पण त्याच कायद्यात असंही आहे की जी माहिती माणसानं स्वतःहून सगळ्यांसाठी खुली केलीय तिला हा कायदा लागत नाही. म्हणजे भाकरीच्या पोस्टीतला नंबर, पेजवरचा पत्ता, रंकाळ्यावरचा फोटो, ज्याच्यावरनं हे सगळं रामायण झालं, ते बाहेरच. काका म्हणाले मग कायद्यानं नेमकं काय दिलं. माझ्या मते दिलंय बरंच, पण ते कंपनीविरुद्ध दिलंय, आपल्याच उघड्या दारासाठी नाही.

डिलीट करायचं बटण शेवटी. अकाउंट्स सेंटरमध्ये पर्सनल डिटेल्स, त्यात अकाउंट ओनरशिप, त्यात डिॲक्टिव्हेशन ऑर डिलीशन. ही दोन वेगळी आहेत आणि लोक पहिलं दाबून दुसरं झालं असं समजतात. डिॲक्टिव्हेट म्हणजे खातं झाकून ठेवलं, माहिती सगळी तिथंच, मेसेंजर चालू राहू शकतो, लॉगिन केलं की परत हजर. डिलीट केलं तरी लगेच जात नाही, ३० दिवस ते खातं थांबून राहतं, तेवढ्यात लॉगिन केलं तर रद्द करायची संधी देतात, ३० दिवसांनंतर मात्र परत मिळत नाही, आणि त्यांच्या सर्व्हरवरनं सगळं पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात असं ते स्वतःच सांगतात. म्हणून फोनमधनं ॲप काढून टाकलं, पोरीच्या लॅपटॉपमधला सेव्ह केलेला पासवर्ड काढला. आणि जे मेसेज तुम्ही दुसऱ्यांना पाठवलेत ते त्यांच्या इनबॉक्समध्ये राहतात, लोनच्या एजंटाकडचं पॅनकार्ड तसंच आहे, त्याला फोन करून काढून टाक म्हणून सांगितलं, तो हो म्हणाला, आता त्याच्या हो वर काय विश्वास ठेवायचा तेवढा ठेवायचा.

व्हॉट्सॲप ठेवलं. मला माहितीय आता कोण काय म्हणणार, ते पण मेटाचंच, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीचं. हो. २०१४ पासनं. तिथं मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणाला वाचता येत नाहीत, पण कोण कुणाशी कधी बोलतंय, कुठला फोन, हे त्यांना कळतं, आणि २०२१ च्या प्रायव्हसी पॉलिसीवरनं आपल्या काँपिटिशन कमिशननं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड केलेला आहे. काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं मग चटणीची ऑर्डर लोक कशावर देणार, मी सिग्नल या दुसऱ्या मेसेजच्या ॲपचं नाव घेतलं, त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी विषय सोडला. ब्रॉडकास्ट लिस्ट करून दिली, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, आणि ज्यांनी काकूंचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, त्यामुळं पोरीनं वहीतल्या एकेकाला फोन करून नंबर सेव्ह करायला लावला. तत्त्वाला धरून नाही म्हणा पाहिजे तर. मला विचाराल तर सगळं एका दिवशी सोडायचं ठरवलं असतं तर काकूंनी काहीच सोडलं नसतं.

तोटा झाला का, झाला. पुढच्या सीझनला जुनी गिऱ्हाइकं जवळजवळ सगळी आली, पण मुंबईकडची नवी ऑर्डर, कुणीतरी कुणाची पोस्ट बघून केलेली, ती थांबली. पोरीनं त्याला उपाय म्हणून पॅकेटवर नंबर छापून घेतला. दुसरा तोटा मला सुचला पण नव्हता, काकूंची एक शाळेतली मैत्रीण वारली आणि सगळ्या वर्गमैत्रिणींना फेसबुकवर कळलं, काकूंना दिवसकार्य होऊन गेल्यावर. त्या दिवशी त्यांनी मला फोन करून विचारलं होतं की ते परत चालू होतं का. मी म्हटलं ते नाही, नवीन काढता येईल. म्हणाल्या नको, आणि मैत्रिणींचा व्हॉट्सॲप ग्रुप स्वतःच काढला. आता काकूंच्या ग्रुपवर कुणाचं काय झालं ते सगळ्यांच्या आधी कळतं म्हणे.

दिवाळीच्या सुमाराला परत एक नकली खातं आलं. जुनाच रंकाळ्यावरचा फोटो, कुणीतरी आधीच उतरवून ठेवलेला असणार. आता काकूंचं खरं खातं नाही, त्यामुळं भावजयीला "ओळखीच्या माणसाची नक्कल" मध्ये दाखवायला कुणी सापडेना. ज्यांचं खातं नाही त्यांच्यासाठी फेसबुकचा वेगळा फॉर्म आहे, पण त्यात ओळखपत्राचा फोटो जोडायला लागतो. काकू म्हणाल्या, "त्यांच्याकडनं सगळं काढून घेतलं आणि आता त्यांनाच माझं कार्ड द्यायचं व्हय?" प्रश्न चोख होता आणि माझ्याकडं दुसरा मार्ग नव्हता. आयटी नियम २०२१ प्रमाणं ज्याची नक्कल झालीय त्यानं किंवा त्याच्या वतीनं कुणी तक्रार केली तर ठरलेल्या तासांच्या आत कारवाई करायला लागते, पण तक्रार करणारा माणूस तोच कशावरनं हे कुठंतरी दाखवायला लागणारच. शेवटी ओळखपत्राचा फोटो काढला, त्यावरचा नंबर आणि पत्ता कागदाच्या पट्टीनं झाकला, नाव आणि चेहरा एवढंच ठेवलं, आणि फॉर्म भरला. ते खातं गेलं. या वेळी पैसे कुणाचे गेले नाहीत, कारण ब्रॉडकास्टवर काकूंनी आधीच टाकून ठेवलेलं होतं, मी पैसे मागत नाही, चटणी घरात आली की मग द्या.

पुण्याच्या बाईंची तीन हजारांची तक्रार अजून तशीच आहे. त्या दर वर्षी दोन किलो नेतात, मध्यम तिखट.